सगळं आधी ठरवून करायची सवय असेल, तर आयत्या वेळच्या गोष्टींत रमायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की मित्रमंडळी तुम्हाला 'वेळापत्रक' म्हणून चिडवतात. मला घरी 'पंचांग' म्हणतात, त्यामुळे प्रश्न दिसला आणि राहवलं नाही.

आधीच सांगते, तुमच्यात काही बिघाड नाही. आयत्या वेळी ठरवणारी माणसं मोकळीढाकळी आणि आपण आखडू, ही समजूत त्या मोकळ्या माणसांनीच पसरवलेली आहे. त्यांच्या मोकळेपणाचा भार बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी उचलत असतं.

माझा धाकटा भाऊ घ्या. सुट्टीत आई-बाबा, मुलं, आम्ही सगळे दिवसभरासाठी एका तळ्याकाठी गेलो होतो. अंधाराच्या आत परत निघायचं ठरलेलं. ऊन उतरलं तशी भावाला लहर आली, 'आज इथेच राहू या!' जवळच खोल्या मिळत होत्या. मुलं नाचायला लागली. आई म्हणाली, 'बघ बाई, तू म्हणशील तसं,' म्हणजे तिलाही राहायचंच होतं. आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, जणू आनंदाला परवानगी द्यायचा शिक्का माझ्याकडे आहे.

माझ्या डोक्यात तोवर यादी सुरू झाली होती. बाबांना रात्री इन्सुलिन लागतं. आईची गुडघ्याची गोळी. धाकटीचं पांघरूण, ज्याच्याशिवाय ती झोपत नाही. यातलं काहीही त्या उत्साही गृहस्थाच्या डोक्यात नव्हतं आणि तरी सगळं हाताशी होतं, कारण संध्याकाळी परतायचं असूनही मी इन्सुलिनचं पेन, जादा सुया, ग्लुकोमीटर आणि साखर उतरली तर म्हणून ग्लुकोजची पुडी असं सगळं घेऊन निघाले होते. चालू पेन काही आठवडे फ्रिजबाहेर राहू शकतं, पण उन्हात तापलेल्या गाडीत टाकून चालत नाही, म्हणून ते दिवसभर गार पिशवीत माझ्या खांद्याला. सकाळी याच पिशवीवरून भावाने 'लढाईला निघालीस का?' असं विचारलं होतं.

राहिलो. रात्र फार छान गेली, खोटं कशाला बोलू? बाबांचं टोचून झालं, मुलं झोपली आणि मी पायऱ्यांवर बसून राहिले. उद्या कितीला उठायचं हेसुद्धा कोणाला विचारलं नाही. सकाळी भाऊ म्हणतो, 'बघितलंस ताई? न ठरवता केलेल्या गोष्टीच लक्षात राहतात.' न ठरवता! अरे राजा, तुझी मजा माझ्या पिशवीतून निघाली होती. मुलांसमोर तेव्हा गप्प बसले, ते इथे बोलून घेते.

आता तुमचं. अचानक काही ठरलं की आपल्याला त्रास मजेचा होत नाही, उत्तर न मिळालेल्या प्रश्नांचा होतो. औषध, पैसे, परत कसं यायचं, घरी कोण बघेल. त्यांची सोय कायमची लावून ठेवा. पिशवी भरलेलीच असू द्या. मग उरलेला वेळ मोकळा सोडायला जड जात नाही. मोकळा म्हणजे खरंच मोकळा, 'चार ते सहा उत्स्फूर्तपणा' असं लिहून ठेवू नका.

यावर एक अभ्यासही आहे. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मलकॉक या दोघींनी २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना फुकट कॉफी-बिस्किटं दिली. काहींना नेमकी वेळ नेमून, काहींना 'या दोन तासांत केव्हाही या' असं सांगून. नेमकी वेळ दिलेल्यांना मजा कमी आली. मोघम ठरवलं तर आनंद उणावत नाही, घड्याळाला बांधलं की मजासुद्धा कामासारखी वाटायला लागते. भावाने हे वाचलं तर 'मी म्हणत नव्हतो?' म्हणेल. पण त्या दोन तासांत कॉफी तयार ठेवणारं कोणीतरी होतं, हे तो वाचणार नाही.

आणि होकार द्यायला जमत नसेल तर तोही आधीच ठरवून टाका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांचं 'अमुक झालं तर तमुक करीन' हे तंत्र मुळात संकल्प तडीस नेण्यासाठी आहे, पण इथेही चालतं. आयत्या वेळी कोणी बोलावलं आणि कोणाचं औषधपाणी अडत नसेल, तर हो म्हणायचं. तिथल्या तिथे विचार करत बसलात तर तुमचं उत्तर नेहमी 'नको' असंच येणार.

हां, ठरलेलं बदललं की झोप उडत असेल, छातीत धडधडत असेल, तर माझं ऐकू नका, समुपदेशकाकडे जा. तो सवयीच्या पुढचा भाग आहे. आणि आयत्या वेळी ठरवणारे सगळेच फुकटे नसतात, काही जण स्वतःचं स्वतः निस्तरतात. आमचा त्यांतला नाही.

आमच्याकडे आता नियम केलाय: ज्याला आयत्या वेळी सुचेल, त्याने बाबांची पिशवी भरायची. हल्ली भावाला आयत्या वेळी काही सुचतच नाही. दोन दिवस आधी फोन येतो, 'ताई, रविवारी काय?'