'त्रेपन्न' की 'पन्नास तीन'?

दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे : "'त्रेपन्न लिहा' म्हटलं की बरीच मुलं ३५ लिहितात. 'पन्नास तीन' म्हटलं की तीच मुलं बरोबर ५३ लिहितात. असं म्हणणं मराठीत चालतं का? आणि एकोणसाठमधलं 'एकोण' मुलांना कसं समजावून सांगू?"

आधी ३५ कुठून येतात ते पाहू. 'त्रेपन्न'मध्ये 'त्रे' म्हणजे तीन आधी ऐकू येतो आणि पन्नास मागून. मूल कानावर पडलं त्याच क्रमाने लिहितं. हा क्रम संस्कृतातून आला आहे. त्रिपञ्चाशत्, चतुर्विंशति या सगळ्यांत एकक आधी आणि दशक नंतर. जुने गणिती शब्दांतून मोठी संख्या सांगायचे तेव्हाही सुरुवात एककापासून करायचे. 'अङ्कानां वामतो गतिः', म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात, हा संकेत त्यासाठीच होता. लिहिताना मात्र मोठं स्थान डावीकडे असतं आणि आपण डावीकडून लिहीत जातो. नाव एका दिशेने चालतं, लेखन दुसऱ्या दिशेने. जर्मनमध्येही असंच आहे. तिथे ५३ला 'तीन आणि पन्नास' या क्रमाने नाव आहे आणि तिथली लहान मुलंही हीच अदलाबदल करतात. तेव्हा ही अडचण तुमच्या वर्गाची किंवा तुमच्या शिकवण्याची नाही.

मराठीत त्यावर आणखी एक पेच आहे. शंभरच्या पुढे आपणच क्रम फिरवतो. १५३ला 'एकशे त्रेपन्न' म्हणताना आधी शतक, मग एकक आणि शेवटी दशक. सात वर्षांच्या मुलाची नजर १ वरून ३ वर उडी मारून परत ५ कडे येते. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण 'त्रेपन्न' फोडून ऐकणं केव्हाच सोडून दिलेलं असतं.

आता 'पन्नास तीन' मराठीत बसतं का? मोठं आधी आणि लहान नंतर ही रीत मराठीला परकी नाही. 'दोन हजार पाचशे' आपण तसंच म्हणतो. शेजारच्या कन्नडमध्ये तर शंभराच्या आतही हीच रीत आहे : ऐवत्तु म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन आणि ५३ म्हणजे ऐवत्तमूरु. अक्कलकोट, जत भागात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला 'पन्नास तीन' सरळ वाटेल आणि 'त्रेपन्न' उलटं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला, विधानसभेतही विषय निघाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. एकवीस, बावीस हे शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते, दोन्ही रूपं दिली होती. या वादात मला नारळीकरांचा मुद्दा पटतो.

एक भाषिक अडचण मात्र खरी आहे आणि तिची चर्चा पुरेशी झाली नाही. 'वीस एक माणसं आली होती' याचा मराठीत अर्थ सुमारे वीस. वीसेक, पन्नासेक, शंभरेक ही त्याचीच रूपं. त्यामुळे २१ला 'वीस एक' म्हटलं की नेमकी संख्या अंदाजाची होऊन बसते. घरात 'पाच एक मिनिटांत येते' ऐकणाऱ्या मुलाला हा अर्थ आधीपासून ठाऊक असतो. म्हणून मी मध्ये 'आणि' घालावा असं सुचवेन : वीस आणि एक, पन्नास आणि तीन. त्याहून चांगलं म्हणजे 'पाच दशक तीन सुटे'. 'सुटे' हा शब्द मुलाला दुकानातून माहीत असतो, 'एकक' मागाहून आला तरी चालतो. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात असू द्या. त्याने आधी 'पाच दशक तीन सुटे' म्हणावं, मग ५३ लिहावं आणि मग 'याचं नाव त्रेपन्न' हे ऐकावं. पन्नास आणि तीन ही संख्येची फोड झाली, त्रेपन्न हे तिचं नाव. बाजारात, बसमध्ये, आजीच्या तोंडी त्रेपन्नच असणार, त्यामुळे ते नाव मुलाला यायलाच हवं.

नावं शिकवताना अकरापासून सुरुवात केली की सगळ्यांत अंधारे शब्द आधी येतात. अकरा, बारा, तेरा यांतला 'रा' हा मुळात 'दश'च आहे, पण झिजून ओळखू येईनासा झाला आहे. सोळामध्ये तर षोडशचा मागमूसही लागत नाही. माझा कल चाळीसच्या घराकडे आहे. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस. 'चाळीस' प्रत्येकात जसाच्या तसा ऐकू येतो आणि आधीचा तुकडा कुठल्या अंकाचा हे मूल स्वतः ओळखू शकतं. वीस, तीस आणि ऐंशीची घरंही बरीच सरळ आहेत. पन्नासचा 'वन्न' होतो (बावन्न), सत्तरचा 'हत्तर' (बाहत्तर), नव्वदचा 'ण्णव' (ब्याण्णव). ही घरं शेवटी घ्यावीत. दोनची रूपं मुलांनाच शोधायला लावा. बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी : बा, ब, बे, ब्या. 'बे एके बे' म्हणणाऱ्या मुलाला 'बे' लगेच सापडतो.

'एकोण' म्हणजे एक + ऊन. ऊन म्हणजे कमी. वजाबाकीत 'उणे' म्हणतो तो शब्द आणि 'उणीव' हाही याच कुळातला. एकोणसाठ म्हणजे एक उणा साठ. बोलताना 'एकुणसाठ' असा उच्चार होतो, पण 'एकूण बेरीज'मधल्या एकूणशी त्याचा अर्थ जोडू नका. इथे मुलाची अडचण वेगळी आहे. कानावर 'साठ' पडतं आणि हात ६ लिहायला जातो. अशी नावं एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ आहेत. साठ काड्यांच्या सहा जुड्या मांडून त्यातली एक काडी काढायला लावा. काडी काढायची तर एक जुडी सोडावीच लागते, मग पाच जुड्या आणि नऊ सुट्या उरतात. वजाबाकीत पुढे दशक सुटे करायचा असतो, त्याची तयारीही इथेच होते. फक्त ९९ या रांगेत नाही. नव्याण्णव हे 'नवनवति'वरून आलं आहे, नऊ आणि नव्वद. हिंदीत ८९सुद्धा नवासी म्हणजे नऊ-ऐंशी आहे, मराठीने तिथे एकोणनव्वद ठेवलं.

पुढच्या वर्गात 'एकशे पाच'ला १००५ लिहिणारी मुलंही भेटतील. कारण तेच, नावात 'एकशे' आणि 'पाच' दोन्ही ऐकू येतात, रिकाम्या दशकाला मात्र नावात आवाजच नाही. १०० लिहिलेलं कार्ड ठेवून ५ चं छोटं कार्ड त्याच्या शेवटच्या शून्यावर ठेवायला सांगा. मधलं शून्य तसंच उघडं राहतं आणि ते तिथे का आहे हे मुलाला विचारता येतं.