आराखडा करत बसलो तर ऑर्डर जाईल?

समुपदेशनाला येणारे छोटे उद्योजक हमखास विचारतात, "कागदावर मांडत बसलो आणि तेवढ्यात ऑर्डर हातची गेली तर?" पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखानदाराची हीच घालमेल होती. मोठ्या ग्राहकानं फोनवर शब्द दिलेला, छपाईच्या दुसऱ्या मशीनचं कोटेशन हातात, आणि सवलत 10 दिवसांत संपणार. (विक्रेत्यांच्या सवलती नेहमीच संपायला आलेल्या असतात.)

आराखड्याला लागल्या दोन दुपारी.

पहिल्या दुपारी हिशेब, सगळे आकडे प्रमाणात धरून. मशीनचा हप्ता, ऑपरेटर, जागा आणि विमा मिळून महिन्याचा स्थिर खर्च 24. दर 100 च्या विक्रीमागे कागद, शाई, मजुरी वजा जाता उरतात 30. म्हणजे महिन्याला 80 ची विक्री झाली तर कुठे ना नफा ना तोटा. ग्राहकाचा तोंडी शब्द 84 चा. ऑर्डर पाच टक्क्यांनी घटली तरी पदरचे घालायची वेळ.

खरी मेख रोख पैशात होती. माल गोदामात 20 दिवस, उत्पादनात 10, ग्राहकाची उधारी 60. त्यातून कागदवाल्याची 30 दिवसांची उधारी वजा. पैसे अडकणार 60 दिवस. 84 च्या विक्रीला बदलता खर्च (कागद, शाई, मजुरी) साधारण 59, म्हणजे दोन महिन्यांचे 118 कायम बाहेर. ग्राहकानं आणखी महिनाभर रखडवलं की 177. कारखानदारानं कर्ज मागितलं होतं ते फक्त मशीनपुरतं. धंदा वाढताना नफा दिसत असूनही पगाराला पैसे नसतात, ते यामुळे.

दुसऱ्या दुपारी हिशेबनीस आणि सुपरवायझरला बोलावलं. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची ‘प्री-मॉर्टेम’ ही पद्धत इथे उपयोगी पडते. वर्ष उलटलंय आणि निर्णय पुरता फसलाय, असं गृहीत धरायचं. मग प्रत्येकानं कारणं आधी लिहायची आणि नंतरच बोलायचं. लिहून घेणं महत्त्वाचं, नाहीतर मालकापुढे सगळे माना डोलावतात. सुपरवायझरच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: "छापलेला माल आत्ताच डाय-पंचिंगपुढे दोन-दोन दिवस पडून असतो." डाय-पंचिंग म्हणजे छापलेला पुठ्ठा साच्यानं खोक्याच्या आकारात कापणं. अडतंय पंचिंगला आणि पैसे घालणार छपाईत! नव्या मशीननं तो ढीग तेवढा वाढला असता.

निर्णय एका पानावर मावला. पंचिंगला दुसरी पाळी आणि तिथला ढीग रोज मोजायचा. छपाईचं जादा काम तूर्त बाहेरून जॉबवर्कवर. त्यात 30 ऐवजी 12 च सुटतात, पण हप्ता मागे लागत नाही. मशीन घ्यायचं कधी, तेही लिहिलं: सहा महिन्यांची लेखी ऑर्डर हातात आली, लागोपाठ तीन बिलं 60 दिवसांच्या आत वसूल झाली आणि पंचिंगपुढचा ढीग अर्ध्या दिवसावर आला, तर. तिन्ही अटी हव्यात. दोनवर भागवायचं नाही.

ऑर्डर गेली नाही. ग्राहकाला माल वेळेवर हवा होता, तो कुठल्या मशीनवर छापला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पहिलं बिल मात्र 74 व्या दिवशी वसूल झालं, त्यामुळे बिलांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू आहे. तारखा हिशेबनीस बघतो. ते काम मुद्दामच मालकाकडे ठेवलेलं नाही.