तीन आठवड्यांसाठी एकच केबिन बॅग

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी, वय साठीच्या पुढे, ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि तेथून रेल्वेने स्वित्झर्लंड असा प्रवास करणार आहोत. शेवटचा मुक्काम झुरिकला भाचीकडे आहे. प्रत्येकी एकच केबिन बॅग घ्यावी, असा मुलाचा आग्रह आहे. मी साड्या नेसते, यजमानांना रक्तदाबाची औषधे रोज लागतात आणि भाचीने दिवाळीचा फराळ मागितला आहे. एवढ्या सामानात हे सारे बसेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसेल, आणि तुमचा मार्ग पाहता मुलाचा आग्रह अगदी योग्य आहे. व्हेनिसच्या गल्ल्यांत मोटारी चालत नाहीत. स्थानकाबाहेर पडल्यावर बोट किंवा स्वतःचे पाय एवढीच साधने असतात आणि तिथल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. मोठी सुटकेस त्या पायऱ्यांवरून दिवसातून चार वेळा उचलण्याचे वय तुमचे नाही.

खरी अडचण जागेची नसून वजनाची असते. बऱ्याच विमान कंपन्या केबिनमध्ये ७ ते ८ किलो सामान नेऊ देतात, आणि चाकांची रिकामी बॅगच अनेकदा अडीच-तीन किलो भरते. म्हणून आधी रिकामी बॅग वजनकाट्यावर ठेवून पाहा. खांदे आणि पाठ धड असेल तर बिनचाकांची हलकी सॅक घ्या. तसे नसेल तर चाके राहू द्या आणि कपडे कमी करा. जाकीट आणि जड बूट विमानात अंगावर-पायांतच असावेत.

कपडे तीन आठवड्यांचे न घेता पाच-सहा दिवसांचे घ्यावेत आणि प्रवासात धुवावेत. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी दाबला, की टॉवेल बरेचसे पाणी शोषून घेतो आणि पातळ कपडा खोलीत रात्रभरात वाळतो. जीन्स आणि जाड सुती कपडे मात्र ऑक्टोबरच्या हवेत दुसऱ्या दिवशीही ओलेच राहतात. साडी नेसायची असेल तर जॉर्जेट किंवा क्रेपची, जास्तीत जास्त दोन. साडी लवकर वाळते, पण सुती परकराचा दुहेरी कापडाचा नेफा दमट राहतो, हे पुष्कळ जणींच्या ध्यानात येत नाही. परकरही सिंथेटिकच घ्या. उरलेल्या दिवसांसाठी सलवार-कुडते सोयीचे पडतील. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स बॅसिलिका या चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावे लागतात, ती अटही त्यांनी आपोआप पाळली जाते. स्वित्झर्लंडमध्ये ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत जाणार असाल, तर एका जाड कोटाऐवजी थर्मल, स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट असे थर उपयोगी पडतात. आठवड्यातून एकदा 'लावांदेरिया' अशी पाटी असलेल्या दुकानात यंत्रावर सगळे कपडे एकदम धुऊन घ्यावेत.

तेल, शाम्पू, क्रीम यांच्या बाटल्या १०० मिलिलिटरपर्यंतच्या आणि एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील एवढ्याच हव्यात. बाटलीवर छापलेले माप पाहिले जाते. २०० मिलिलिटरची अर्धी रिकामी बाटलीसुद्धा काढून घेतात. सुरी-कात्री घरीच ठेवा. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच न्यावी लागते.

औषधांच्या बाबतीत हात आखडू नका. तीन आठवड्यांची आणि वर आठवडाभराची औषधे मूळ पाकिटांसह, डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत न्या आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथल्या औषध विक्रेत्यांना ओळखू येत नाहीत. केबिनमधली जागा अपुरी पडून ऐनवेळी बॅग खाली पाठवावी लागली तरी अडू नये, म्हणून औषधे, पासपोर्ट आणि चष्मा पर्समध्येच असू द्यावा.

फराळाचे मात्र स्पष्ट सांगायला हवे. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात आणण्यास प्रवाशांना सामान्यतः मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, तूप विसरा. चिवडा आणि चकल्या जागा खातात, शिवाय तीन आठवड्यांच्या उचल-ठेवीत त्यांचा चुरा होतो. त्यापेक्षा चकलीची अर्धा किलो भाजणी पक्क्या बंद पिशवीत, वर नाव लिहून न्या. तपासणीत पीठ उघडून दाखवावे लागले तर तेवढा वेळ हाताशी ठेवा. झुरिकला पोहोचल्यावर भाचीच्या स्वयंपाकघरात दोघींनी मिळून चकल्या तळाव्यात. साचा तिच्याकडे आहे का, एवढे आधी विचारून घ्या, कारण पितळेचा सोऱ्या सामानात घेण्याइतके वजन तुमच्याकडे उरणार नाही.