सांगलीत सुतारकामाची हत्यारं घेताय? शंभर नगांचा बॉक्स घेऊ नका

तुमचा प्रश्न वाचला. मुलीसाठी अभ्यासाचं टेबल आणि पुस्तकांची मांडणी स्वतः करायची आहे, दहा हजार बाजूला काढलेत आणि एका मोठ्या हार्डवेअर दुकानात दसऱ्याच्या ऑफरला 'ड्रिल मशीन आणि 100 नग' असा बॉक्स 45 टक्के सूट देऊन मिळतोय. घेऊ का, असं विचारलंय. माझं उत्तर, नका घेऊ. कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये (लोखंड ओतायच्या साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथे) 26 वर्षं लाकडात काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॉक्स उघडून नग मोजा. निम्म्याहून जास्त बिट, स्क्रू आणि भिंतीत ठोकायचे प्लग निघतील. त्यात करवत नसते, लाकूड तासायचा रंधा नसतो, खाच पाडायची पटाशी नसते, काटकोन बघायचा गुण्या नसतो. भिंतीवर घड्याळ टांगायला तो बॉक्स ठीक आहे, टेबल करायला नाही. ड्रिल लागेलच, पण ते सुटं घ्या. घरच्या कामाला 10 मिमी चकचं (चक म्हणजे बिट धरणारं तोंड) पुरतं.

आता त्या 45 टक्क्यांबद्दल. छापील किंमत ही सगळे कर धरून असते आणि हत्यारांच्या धंद्यात ती मुळात चढीच छापतात, कारण सूट द्यायचीच असते हे सगळ्यांना माहीत आहे. समजा 3,000 छापलेत आणि 45 टक्के सूट दिली, तर 1,650 झाले. तेच मॉडेल गणपती पेठेतल्या छोट्या दुकानात काही न बोलता 1,600 ला मिळू शकतं. म्हणून टक्के ऐकूच नका. मॉडेल नंबर लिहून घ्या आणि तीन ठिकाणी एकच विचारा, "पक्क्या बिलासकट शेवटचा भाव काय?" पक्कं बिल नसेल तर वॉरंटीला कुणी उभं करत नाही. आणि एकेक वस्तूवर घासाघीस करू नका, सगळी यादी एकदम पुढे ठेवा. भाव तिथे उतरतो.

यादी छोटी ठेवा. पटाशा तीन, दोन सूत, चार सूत आणि सहा सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. काउंटरवर मिलिमीटरपेक्षा ही भाषा लवकर कळते.) चार नंबरचा लोखंडी रंधा, एक हातकरवत, गुण्या, टेप, चार क्लॅम्प आणि धारेचा दगड. करवतीच्या दातांची टोकं काळपट निळी असतील तर ते दात कडक केलेले असतात, खूप दिवस चालतात, पण कानशीने परत धार लावता येत नाही. नवीन माणसाला तीच सोयीची.

मोठ्या दुकानाचा खरा फायदा हा की माल उघडा मांडलेला असतो, हातात घेता येतो. तो फायदा पुरेपूर घ्या. जाताना फूटभर स्टीलची पट्टी, टोकदार पेन्सिल आणि सरळ कडेचा प्लायचा तुकडा न्या. गुण्या प्लायच्या कडेला टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. वर जाऊन फाकल्या तर दिसतं त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे, तो परत ठेवा. मी एकदा लागोपाठ पाच गुणे असे बघितले, सहावा घेतला. रंध्याच्या तळावर पट्टी उभी धरून उजेडाकडे बघा. पुढचं टोक, पात्याच्या तोंडासमोरचा भाग आणि मागचं टोक पट्टीला टेकलं पाहिजे. पटाशीची पाठ सपाट हवी. टेपच्या टोकाचा पत्र्याचा हूक हलतो म्हणून टेप खराब समजू नका, तो स्वतःच्या जाडीइतका हलावा म्हणूनच तसा बसवलेला असतो. त्यामुळे आतलं आणि बाहेरचं, दोन्ही माप बरोबर येतं.

जुन्या मालाचं एक सांगतो. ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, पेठेतली दुकानं पाण्यात होती. नंतर भिजलेला माल निम्म्याहून कमी भावात निघाला. मी एक ड्रिल आणि गंजलेल्या चार पटाशा घेतल्या. ड्रिल दुसऱ्या महिन्यात जळलं, उघडलं तर वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या तारांच्या गुंडाळीत, गाळ होता. पटाशा काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासल्या, त्या आजही वापरतोय. गंज वरवरचा असेल आणि धारेजवळ खड्डे नसतील तर हातहत्यार बिनधास्त घ्या. पाण्यात गेलेलं मशीन फुकट दिलं तरी नको.

फाउंड्रीतून निघालेली जुनी पट्टी मात्र अजिबात घेऊ नका. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नची पट्टी मुद्दाम तेवढी मोठी आखलेली असते. दिसायला साध्या पट्टीसारखीच. तुमचं टेबल मीटरमागे सेंटीमीटरने मोठं होईल.

आणि कळकळीने सांगतो, चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावू नका. ते स्वस्त पडतं, दुकानदार सहज देतो. पण ते मशीन मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतं, त्याला लाकडावर टेकवायला बैठक नसते, दात अडकला की मशीन अंगावर उसळतं. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. प्लाय दुकानातच मापात कापून घ्या, थोडे पैसे जातील.

राहिलेल्या पैशांत धारेचा दगड चांगला घ्या, एका बाजूने जाड दाण्याचा, दुसऱ्या बाजूने बारीक दाण्याचा. नवी पटाशी दुकानातून धार लावून येत नाही, आणि बहुतेक लोक तिथेच हत्यार खराब आहे म्हणून सोडून देतात. जमलं तर एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन या. तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य बघायच्या आधी कारागिराच्या हातातली पटाशी बघा, धार लावून लावून किती आखूड झाली आहे ते.