घड्याळात बीपी नॉर्मल येतंय, मग गोळी बंद केली तर चालेल का?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं वय ६७ आहे, नऊ वर्षं झाली बीपीची गोळी चालू आहे. दिवाळीत धाकट्या दिरांनी त्यांना अठराशे रुपयांचं स्मार्टवॉच आणून दिलं, त्यात बीपी पण दिसतं. आता दिवसातून दहा वेळा बघतात आणि दरवेळी ११८/७६ नाहीतर १२१/७९ असंच काहीतरी येतं. म्हणतात, बीपी नॉर्मल झालंय तर गोळी कशाला खायची, आणि दहा-बारा दिवसांपासून खरंच घेत नाहीयेत. घड्याळातलं बीपी बरोबर असतं का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. बाबांना आजच डॉक्टरांकडे न्या, दंडाला पट्टा बांधून बीपी बघून घ्या आणि गोळी किती दिवस बंद आहे ते न लपवता सांगा. बीपीच्या काही गोळ्या अशा असतात की त्या अचानक सोडल्या तर बीपी आधीपेक्षाही वर उसळतं, म्हणून परत कुठली गोळी किती सुरू करायची हे डॉक्टरच ठरवतील, राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. आणि छातीत दुखलं, बोलताना जीभ जड झाली, एका बाजूचा हातपाय लुळा वाटला तर घड्याळ मशीन काही बघत न बसता १०८ ला फोन करा.

आता घड्याळाचं. त्या किमतीचं घड्याळ बीपी मोजत नाही, अंदाज लावतं. दंडाच्या मशीनमध्ये पट्ट्यात हवा भरली जाते, त्या दाबाने रक्तवाहिनी काही क्षण बंद होते, मग हवा सोडताना आतली धडधड कुठल्या दाबाला सुरू होते ते मशीन पकडतं, म्हणजे दाबाला दाब लावून बघितलेलं असतं. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रॉची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून बीपी मोजलं, आणि आजही दवाखान्यात तत्त्व तेच आहे. घड्याळाच्या पाठीला मात्र फक्त हिरवा लाईट असतो. तो कातडीवर पडतो, खालून रक्त किती सरकलं त्याप्रमाणे कमी-जास्त परत येतो. यातून नाडीचे ठोके छान मोजता येतात, पण दाब कुठेच लावलेला नसतो, मग नाडीच्या लाटेच्या आकारावरून आणि तुम्ही ॲपमध्ये भरलेल्या वय-वजन-उंचीवरून एक आकडा काढला जातो.

माझ्याकडे मागे एक काका असंच घड्याळ घालून आले होते, त्यात १२२/८०. मी डाव्या दंडाला पट्टा बांधला तर १६८/९८, पाच मिनिटं शांत बसवून परत बघितलं तरी १६४/९६. तेव्हाही घड्याळ १२० च्या आसपासच दाखवत होतं. काकांना वाटलं आमचं मशीन बिघडलंय, म्हणून दुसऱ्या मशीनवर पण बघितलं, तिथेही तेच. मला या घड्याळांची सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, चुकीचा आकडा घाबरवणारा असता तर माणूस निदान दवाखान्यात तरी आला असता, पण हा धीर देणारा असतो आणि माणूस गोळी सोडून घरी बसतो.

सगळीच घड्याळं अशी नसतात. सॅमसंगच्या घड्याळातल्या बीपीला दक्षिण कोरियात २०२० मध्ये परवानगी मिळाली, पण त्यातही आधी दंडाच्या मशीनवर तीनदा बीपी घेऊन ते आकडे भरावे लागतात आणि दर २८ दिवसांनी हे परत करावं लागतं. म्हणजे शेवटी मशीन घरात लागतंच. शिवाय असं रीडिंग तुम्ही भरलेल्या आकड्याकडेच ओढलं जातं, बीपी खरंच खूप वर गेलं तर ते पूर्ण कळत नाही. ओमरॉनचं हार्टगाईड आणि हुवावेचं वॉच डी वेगळी, त्यांच्या पट्ट्यातच हवा भरते, म्हणजे ती खरोखर दाब लावून मोजतात. पण मनगट हृदयाच्या उंचीला धरावं लागतं, हात १० सेंटीमीटर खाली राहिला तरी बीपी ७-८ ने जास्त येतं.

त्यापेक्षा दंडाचं डिजिटल मशीन घ्या, साधारण घड्याळाच्याच किमतीत येतं. पट्टा दंडाच्या मापाचा बघा, जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. चहा किंवा तंबाखू झाल्यावर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी किंवा तिढा न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर, आणि मोजताना बोलायचं नाही, टीव्हीवरच्या बातम्यांवर सुद्धा नाही. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस वहीत लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी जास्त धरतात.

प्रश्न : माझ्या ॲपल वॉचमध्ये हायपरटेन्शनचं नोटिफिकेशन आलंय. वय ४४, बीपी कधी मोजलेलंच नाही. विश्वास ठेवू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मोजून बघण्यापुरता नक्की ठेवा. या फीचरला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. ते आकडा देतच नाही, ३० दिवसांच्या नाडीच्या लाटा बघून फक्त 'बीपी जास्त असू शकतं' एवढं सांगतं, आणि मला हे प्रामाणिक वाटतं. वर लिहिलंय तसं सात दिवस दंडाच्या मशीनवर मोजा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पण ज्यांना नोटिफिकेशन आलं नाही त्यांनी बीपी नाही असं समजू नका, बऱ्याच जणांचं बीपी त्यातून सुटतं. आणि ज्यांना आधीच बीपी आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांच्यासाठी हे फीचर नाहीच.

मिरजच्या ताई, बाबांचं घड्याळ काढून घेऊ नका, चालणं आणि नाडी बघायला ते चांगलंच आहे. ॲपमध्ये बीपीचं पान बंद करता येत असेल तर तेवढं दिरांना बंद करून द्यायला सांगा. आणि नवीन मशीन आणलं की पहिल्यांदा ते दवाखान्यात घेऊन जा, डॉक्टरांच्या मशीनशेजारी बाबांच्याच दंडावर लावून बघा, दोन्ही आकडे जवळ आलेले त्यांनी स्वतः बघितले तर गोळीचं तुम्हाला फार समजवावं लागणार नाही.