मीटर बारा दाखवतो, मग पीसी बंद का पडतो?

प्रश्न : ताई, माझ्या मुलाचा पीसी एरवी व्यवस्थित चालतो, पण व्हिडिओ एडिटिंगला बसला की दहा-पंधरा मिनिटांत फटकन बंद. आमच्या इथल्या मेकॅनिकने एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा सप्लायचा डबा, बाहेर काढला, हिरव्या आणि काळ्या वायरमध्ये यू-पिन घातली. पंखा फिरला, मीटरवर 12.1 आले. ‘सप्लाय ओके, मदरबोर्ड गेलाय’ म्हणाला. साडेसात हजार सांगतोय. बदलू का?
– एक वाचक, परळ

उत्तर : साडेसात हजार अजून खिशातच राहू द्या. मेकॅनिकने केलं ते चुकीचं नाही, अर्धवट आहे. हिरवी वायर काळीला टेकली की सप्लायला ‘चालू हो’ एवढा हुकूम मिळतो. तो चालू झाला, म्हणजे जिवंत आहे. मस्जिद बंदरच्या हमालाला रिकाम्या हाताने दहा पावलं चालवायचं आणि गोणी उचलेल म्हणून सांगायचं, तसलं हे टेस्टिंग.

मी अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकरा वर्षं सप्लायच्या टेस्टिंगला होते. पीस बेंचवर आला की आधी लोड लावायचा, म्हणजे त्याला खरोखर करंट द्यायला लावायचं. वीस टक्के, पन्नास टक्के, शंभर टक्के. त्यातून तरला की बर्न-इनची खोली. पंचेचाळीस-पन्नास डिग्रीत, पूर्ण लोडवर, तासन् तास. सकाळी माझ्या सहीने ‘पास’ झालेले पीस दुपारी त्या खोलीत मान टाकायचे. आमच्या सुपरवायझर बाई म्हणायच्या, गार सप्लाय सगळेच गुणी असतात.

आता दादरला माझ्या टेबलावर तसली मशिनरी नाही. टॅक्सीच्या हेडलाइटचे चार हॅलोजन बल्ब आहेत, 12 व्होल्ट 55 वॅटचे, कडप्प्याच्या तुकड्यावर बसवलेले. एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो. चारही एकदम लावायचे नाहीत. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट मागते आणि चांगला सप्लायही शॉर्ट समजून बंद होतो. मी प्रत्येकाला वेगळं बटण दिलंय.

मागच्या आठवड्यात तुमच्यासारखाच एक ‘ओके’ सप्लाय आला. बल्ब नसताना 12.14. पहिला लावला, 11.96. दुसऱ्याला 11.71. तिसऱ्याला 11.38. इथेच तो नापास, कारण बारा व्होल्टला पाच टक्क्यांची सूट असते, 11.40 ते 12.60. पाच व्होल्टला 4.75 ते 5.25. तरीही चौथा लावला, दुकानाचा पंखा बंद केला आणि चहा मागवला. अकराव्या मिनिटाला चारही बल्ब विझले. उघडून बघते तर आउटपुटचे दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्या, डोक्यावर फुगलेले. वरच्या पत्र्यावर फुलीसारखी खाच असते ना, ती उचलून आलेली. एकाच्या बुडाशी चिकट तपकिरी डाग. अंगावर छापलेलं होतं 85 डिग्री, म्हणजे तेवढीच उष्णता सोसणारा. चांगल्या मालात 105 चा वापरतात. वीस डिग्रीचाच तर फरक, असं वाटेल. पण कपॅसिटरच्या बाबतीत हिशोब असा की तापमान दहा डिग्रीने वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं.

आणखी एक गोष्ट मीटरला दिसतच नाही, ती म्हणजे रिपल. डीसीवर बसलेली बारीक थरथर. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे 12.0 वाचूनही आत काय चाललंय ते कळत नाही. त्याला सीआरओ लागतो, म्हणजे व्होल्टेजची लाट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. तोही 20 मेगाहर्ट्झच्या मर्यादेवर ठेवून, आणि प्रोबच्या टोकाशी 10 मायक्रोफॅरडचा एक आणि 0.1 चा एक असे दोन कपॅसिटर लावून. नाहीतर हवेतला कचराही स्क्रीनवर येतो आणि बिचारा चांगला सप्लाय बदनाम होतो. बारा व्होल्टच्या लाइनवर 120 मिलिव्होल्टपर्यंत चालतं, पाच आणि 3.3 वर 50 पर्यंत. ती थरथर वाढली की मदरबोर्डवरचे कपॅसिटर तिचा मार खातात. म्हणजे तुमचा बोर्ड पुढेमागे खरंच जाईल, पण सप्लायच्या पायी. आणि नवा बोर्डही त्याच सप्लायवर लावला तर त्याच वाटेने.

तेव्हा कोणाकडून तरी चांगला, तेवढ्याच ताकदीचा सप्लाय एक दिवस मागून घ्या, लावा, मुलाला एडिटिंग करू द्या. तासभर टिकला तर बोर्डाचा विषय संपला. तरीही बंद पडला तर प्रोसेसरचा पंखा, त्याची पेस्ट आणि धूळ बघा. बोर्डाचा नंबर त्यानंतर.

प्रश्न : आमचं गिरगावात चाळीत घर आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अनवाणी असलं की जास्त. टेस्टर लावला तर पेटतो. नवा एसएमपीएस आणला, तरी तेच. दोन्ही खराब कसे?
– एक गृहिणी, गिरगाव

उत्तर : बहुतेक दोन्ही चांगले आहेत. खराब आहे तुमचं सॉकेट.

सप्लायच्या तोंडाशी दोन चिमुकले कपॅसिटर असतात, बहुतेक वेळा निळ्या टिकल्यांसारखे. एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. सप्लाय चालताना जो इलेक्ट्रिकल गोंगाट करतो तो अर्थिंगमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध लटकते, 230 च्या निम्म्यावर, साधारण 115 व्होल्टला. टेस्टर पेटणारच. करंट मात्र एका सप्लायमागे मिलिअँपिअरच्या आतला, म्हणून झटका नाही, झिणझिण्या.

जुन्या चाळींत मी हे कितीदा पाहिलंय. सॉकेटला भोकं तीन, मागून वायरी दोन. वरचं जाडं भोक नुसतं शोभेला. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि टेस्ट लॅम्पने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब पेटतो का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. पेटला नाही तर अर्थची वायर मीटरच्या खोलीपासून ओढून घ्यायची. नळाच्या पाइपला बांधून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नळाखाली हात धुणारा शेजारी तुमचा आहे.

एक मात्र सांगते, झिणझिण्यांची सवय लावून घेऊ नका. आतलं इन्सुलेशन खरोखर फुटलं तरी सुरुवातीला असंच वाटू शकतं, आणि तेव्हा करंट मिलिअँपिअरमध्ये राहत नाही. कारखान्यात याचसाठी प्रत्येक पीसवर मेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये 1,500 व्होल्ट सोडून बघायचो. हायपॉट म्हणतात त्याला. त्या टेबलासमोर रबराची मॅट असायची आणि आम्हा मुलींना बांगड्या काढून बसावं लागायचं. काही रिपेअरवाले ते दोन कपॅसिटर कापूनच टाकतात. झिणझिण्या बंद, गिऱ्हाईक खूश, सप्लायची सगळी घाण मात्र वायरिंगमध्ये.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडला ‘450 वॅट’चा सप्लाय एका दुकानात दुसऱ्याच्या एक तृतीयांश किमतीत मिळतो. दुसऱ्यावर ‘80 प्लस’चं स्टिकर आहे. स्टिकरचे एवढे पैसे?
– एक कॉलेज विद्यार्थी, घाटकोपर

उत्तर : खोक्यावरचा आकडा वाचू नका, सप्लायच्या कुशीवरचं लेबल वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? स्वस्तातल्यावर 16 असतील तर बारा गुणिले सोळा, 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळं बारा व्होल्टवर जगतात, त्यामुळे तुमच्या कामाचे वॅट तेवढेच. उरलेले पाच आणि 3.3 च्या लाइनवर मोजून खोक्याचा आकडा फुगवलेला, किंवा तेही नाहीत. मग हातात घेऊन वजन बघा, पण त्यावरही आंधळा विश्वास नको. माझ्याकडे आलेल्या एका सप्लायमध्ये लोखंडाची पट्टी स्क्रूने बसवलेली होती, तिला एकही वायर नव्हती.

‘80 प्लस’ 2004 पासून आहे. साध्या पायरीचा अर्थ, 20, 50 आणि 100 टक्के लोडला किमान 80 टक्के कार्यक्षमता, म्हणजे शंभर वॅट ओढले तर ऐंशी कामाला आणि वीस उष्णतेत. चांगलीच गोष्ट आहे. पण ती चाचणी 23 डिग्रीच्या खोलीत होते. मे महिन्यात घाटकोपरला, एसी नसलेल्या खोलीत, कॅबिनेटच्या आत 23 डिग्री तुम्ही मला दाखवा. शिवाय रिपल किती, शॉर्ट झाल्यावर सप्लाय बंद होतो की पेटतो, याबद्दल ते स्टिकर अवाक्षर बोलत नाही. म्हणून मी वॉरंटी बघते. पाच-सात वर्षांची वॉरंटी देणारा 85 डिग्रीचे कपॅसिटर घालायला धजत नाही. बिल पक्कं घ्या, ‘बिलाशिवाय दोनशे कमी’ला भुलू नका.

प्रश्न : घरी इन्व्हर्टर आहे, पंखे-दिवे लुकलुकतही नाहीत, पण लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.
– एक निवृत्त शिक्षक, मुलुंड

उत्तर : सर, इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला ‘यूपीएस’ मोडचं बटण आहे का बघा आणि तिकडे करा. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर लाइट गेल्यावर बॅटरीकडे सावकाश वळतो. सप्लायने वीज गेल्यावर 16-17 मिलिसेकंद दम धरावा अशी अपेक्षा असते. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचं, म्हणजे तेवढंही पुरं नाही. मोड बदलूनही रीस्टार्ट होत असेल तर सप्लायमधला मोठा कपॅसिटर म्हातारा झालाय, त्याचा दम कमी पडतोय.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. बाबांच्या जुन्या पीसीचा एसएमपीएस उघडून घरीच टेस्ट करू का? आमच्याकडे मल्टिमीटर आहे.
– वर्सोवा

उत्तर : टेस्ट कर, उघडू नकोस. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट असतात, काहींत 380 च्या वर, आणि प्लग काढल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. मला एकदा बसलाय, कोपरापर्यंत.

बाहेरून बरंच करता येतं. सप्लाय मोकळा काढून फक्त प्लग लाव. जांभळ्या आणि काळ्या वायरमध्ये बघ; पीसी बंद असतानाही तिथे पाच व्होल्ट हवेत. मग बटण बंद करून हिरवी-काळी जोड, जुना सीडी ड्राइव्ह असेल तर तोही लाव म्हणजे थोडा तरी लोड मिळेल, आणि चालू करून पिवळी, लाल, नारिंगी तपास. बारा, पाच, 3.3. राखाडी वायरवर चालू झाल्यावर क्षणभराने पाचच्या आसपास आले पाहिजेत. सप्लाय तिच्यावरून बोर्डाला ‘मी तयार आहे’ सांगतो. मागे लाल रंगाचं 115/230 चं बटण दिसलं तर ते 230 वरच आहे याची खात्री करून मगच प्लग लाव, 115 वर असलं तर मोठा आवाज होईल आणि आई मल्टिमीटरही काढून घेईल. सप्लायच्या जाळीतून टॉर्च मारून बघ, तुमच्याकडे समुद्राची हवा आहे, आत हिरवट गंज दिसतो का. आणि झुरळं. ती सप्लायच्या उबेला येतात. दिसली तर तसाच माझ्याकडे घेऊन ये, घरात झटकू नकोस.