विषारी कंदाचं पीठ, तीस मीटरची नदी

ॲमेझॉनच्या जंगलातल्या नदीकाठच्या गावांबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं ब्राझीलमधल्या, मुख्यतः मनाऊसकडच्या भागातल्या गावांपुरती आहेत.

आम्ही उपासाला साबुदाणा खातो. तिकडची माणसं त्याच झाडाचा विषारी कंद रोज खातात म्हणे. विष काढतात कसं? नुसतं उकडून भागत नाही का? (वाचक, सक्करदरा)

नाही भागत. कसाव्याला तिकडे मंजिओका म्हणतात. त्याच्या कडू जातींत लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. कंदातच, पण वेगळ्या जागी, एक विकर (एन्झाइम) असतं. कंद किसला की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतो. हे मुद्दाम घडवून आणावं लागतं, कारण हा सायनाइड २६ अंशांनाच उकळतो. मोकळा झाला की उडून जातो. अख्खा कंद उकळत्या पाण्यात टाकला तर आधी विकर मरतं आणि लिनामरिन आत तसंच राहतं. गोड जातीचा कंद मात्र सोलून, रताळ्यासारखा उकडून खातात.

काढलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळा-काळा पडू लागतो. जमिनीत तो वर्षभरही राहतो, म्हणून लागेल तेवढाच उपटायचा. सोलून, धुऊन किसायचा, आणि कीस बारीकच हवा. जाड राहिला तर पेशी फुटत नाहीत आणि विष आतच अडकतं. काही घरी किसण्याआधी कंद ओढ्यात तीन-चार दिवस भिजत घालतात. तो मऊ पडतो, आंबूस वास सुटतो, साल हातानं निघते.

मग येते तिपिती. अरुमा नावाच्या झाडाच्या कामट्यांची, तिरप्या विणीची ही लांब नळी पाहिली तर आपल्याकडच्या बुरडाचे हात आठवतील. दाबून आखूड केली की ती फुगते. तशी ओल्या किसानं भरायची, वरचा कान आढ्याला अडकवायचा, खालच्या कानात लाकडाचा दांडा घालून त्यावर भार टाकायचा. नळी लांबते, लांबताना बारीक होते आणि कीस चारही बाजूंनी पिळला जातो. खाली गळणारं पिवळट पाणी जहाल असतं. भांडं उघडं राहिलं आणि डुक्कर-कोंबड्यांनी तोंड घातलं तर जनावर जातं. पण हे पाणी टाकून देत नाहीत. काही तास ठेवलं की तळाशी पांढरं सत्त्व बसतं, त्याचे बेइजू नावाचे घावन होतात. वरची निवळ एक-दोन दिवस आंबवून भरपूर उकळली की तुकुपी नावाचं आंबट कालवण होतं. उकळण्यात घाई केलेली तुकुपी खाऊ नये.

पिळलेला चोथा चाळून मोठ्या लोखंडी तव्यावर लाकडी उलथण्यानं सतत हलवत भाजतात. सुरुवातीलाच आच मोठी ठेवली तर गुठळ्या होतात, बाहेरून करपतात आणि आत ओल राहते. त्या ओलीनंच पुढे पोत्यात बुरशी धरते. शंभर किलो कंदांचं साधारण २५ ते ३० किलो रवाळ पीठ होतं. नीट कोरडं असेल तर महिनोन्महिने टिकतं. मासा आणि हे पीठ, हेच तिथलं रोजचं जेवण. जंगल आयतं खायला घालतं असं वाटणाऱ्यांनी हे श्रम लक्षात घ्यावेत.

आपला साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या पट्ट्यात होतो. तो कंदाचं धुऊन काढलेलं सत्त्व असतो आणि लिनामरिन पाण्यात विरघळून निघून जातं, तेव्हा खिचडी निर्धास्त खा.

एवढ्या पावसाची, एवढ्या झाडीची जमीन कसदार असणार. मग दरवर्षी नवं रान का जाळतात? (संत्रा बागायतदार, काटोल)

तुमच्या काळ्या मातीवरून तिथला अंदाज बांधू नका. उंचवट्यावरची तिथली माती बहुतेक तांबडी-पिवळी, आम्लधर्मी आणि पावसानं धुपलेली असते. कस मातीत कमी, उभ्या झाडांत जास्त. कुटुंब साधारण एक-दोन हेक्टर रान उन्हाळी महिन्यांत तोडतं, काही आठवडे वाळू देतं आणि पाऊस लागण्याआधी जाळतं. राखेनं आम्लता उतरते, पालाश मिळतं. मग कसाव्याच्या १५-२० सेंटिमीटरच्या कांड्या लावायच्या. पाऊस लवकर आला तर लाकूड अर्धवट जळतं आणि तणच माजतं. दोन-तीन पिकांनंतर जमीन दहा वर्षं किंवा त्याहून जास्त पडीक हवी. खरी अडचण ही मुदत कमी केली की येते, कारण झाडी पुरेशी वाढलेली नसते आणि राखही थोडीच मिळते.

काही ठिकाणी मात्र खोल काळी माती सापडते. कोळसा, हाडं, खापरं मिसळून जुन्या वस्त्यांनी ती शेकडो वर्षांत घडवली आहे. तिथे आजही भाजीपाला चांगला येतो.

चारही बाजूंना नदी, मग पिण्याच्या पाण्याची ओरड कशाला? (विद्यार्थी, महाल)

कारण नदी एका जागी राहत नाही. मनाऊसला निग्रो नदीची पातळी दरवर्षी साधारण दहा मीटर चढते-उतरते. २०२१ मध्ये ती ३०.०२ मीटरवर गेली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये १२.७० मीटरवर आली, आणि २०२४ मध्ये त्याहूनही खाली. पुरात खांबांवरच्या घरातही पाणी शिरतं, तेव्हा आतच फळ्यांची दुसरी जमीन रचून तीवर राहतात. कोरड्या महिन्यांत नदीच्या फाट्यांमध्ये होडी चालत नाही. पाणी, पेट्रोल, आजारी माणूस, सगळं चिखलातून वाहून न्यावं लागतं.

गढूळ पाणी तुरटीनं निवळतात, कापडातून गाळतात, मग २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे लिटरमागे दोन थेंब टाकून अर्धा तास थांबतात. निवळण्याआधी थेंब टाकले तर गाळच औषध खातो. पत्र्याच्या छपरावरचं पावसाचं पाणी याहून बरं, पण पहिल्या सरी सोडून द्यायच्या. शाकारलेल्या छपरावरून नितळ पाणी मिळत नाही.

मुलगी अभ्यासदौऱ्यावर अशा गावात जाणार आहे. लशींचं काय? (वाचक, धरमपेठ)

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी. प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं. ते जवळ नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मूळ प्रत हातातल्या पिशवीत असू द्या, चेक-इनच्या बॅगेत नको.

मलेरियासाठी निघण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांचं विचारा. संध्याकाळ ते पहाट मच्छरदाणी हवीच. हॅमॉकवर झोपायचं असेल तर त्याची वेगळी मिळते. तिकडचा मलेरिया बहुतेक व्हायवॅक्स जातीच्या जंतूचा असतो. तो यकृतात दडून महिन्यांनी उलटतो. नागपुरात परतल्यावर कधीही ताप आला तर डॉक्टरांना आधी प्रवास सांगायचा आणि रक्त तपासायचं. दडलेल्या जंतूंसाठी प्रायमाक्विनची गोळी देण्यापूर्वी रक्तपेशींतल्या जी-सिक्स-पीडी या विकराची तपासणी करून घ्यावी. त्याची कमतरता असेल तर या गोळीनं रक्तपेशी फुटतात.